मंदाकिनीच्या पात्रातील शिळा: ड्रोनच्या छायाचित्रांवरून पुराचा वेग काढावा का?

प्रश्न:
17 जून 2013 रोजी सकाळी केदारनाथच्या वरचे चोराबारी ताल हे सरोवर फुटले आणि त्याच्या लोंढ्याने मंदाकिनीच्या पात्रात शिळांचा खच पडला. त्या भागाची ड्रोन-छायाचित्रे जोडून मी नकाशा केला असून त्यावर शिळांची लांबी-रुंदी मोजत आहे. काही शिळा 4 मीटरांहून रुंद भरतात. सर्वांत मोठ्या शिळेवरून पुराचा वेग काढणे योग्य ठरेल का?

उत्तर 1:
घाई करू नये. शिळेच्या आकारावरून वेग काढण्याच्या, भूवैज्ञानिक कोस्टा यांच्या 1983 च्या सूत्रात शिळेचा मधला अक्ष, म्हणजे सर्वांत लांबही नाही आणि सर्वांत आखूडही नाही असा, मिलिमीटरमध्ये घेतात, त्याचा 0.487 वा घात 0.18 ने गुणला की सेकंदाला किती मीटर ते मिळते. 2 मीटरच्या शिळेसाठी हा वेग सुमारे 7.3 येतो. मात्र हे सूत्र 3.2 मीटरपर्यंतच्याच दगडांवर बेतलेले आहे, त्यामुळे आपल्या मोठ्या शिळा त्यात बसत नाहीत. शिवाय वरून दिसते ती रुंदी म्हणजेच मधला अक्ष, हे शिळा सपाट बाजूवर आडवी पडली असेल तरच खरे. ती कुशीवर रुतलेली असेल तर मोजमाप फसते. ढगाळ दिवसाची छायाचित्रे असतील तर उत्तम, कारण उन्हात दोन शिळांमधली गडद सावली संगणक बिनदिक्कत शिळेतच धरतो.

उत्तर 2:
माझी शंका त्याआधीची आहे: ती शिळा पुरानेच आणली कशावरून? केदारनाथ मुळात हिमनदीने आणून टाकलेल्या गाळ-दगडांवर वसलेले आहे, कड्यांवरूनही दगड कोसळतात आणि 2013 नंतरच्या पुनर्बांधणीत यंत्रांनी बरेच दगड हलवले. अमेरिकेत मिसुला सरोवराच्या हिमयुगीन पुरांनी ओरेगॉनमध्ये नेलेले काही प्रचंड दगड तर पाण्याने लोटलेलेच नाहीत. ते हिमखंडात अडकून तरंगत आले. त्यांच्या आकारावरून वेग काढला असता तर सगळेच चुकले असते. म्हणून 2013 पूर्वीच्या उपग्रह-छायाचित्रांत जी शिळा त्याच जागी दिसते, ती प्रथम यादीतून वगळावी. लोंढा चिखल-दगडांनी दाटलेला असेल, तर स्वच्छ पाण्यापेक्षा कमी वेगातही मोठी शिळा हलते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. जुनी छायाचित्रे मिळवतो. पात्रात उतरल्यावर आणखी काय पाहावे?

उत्तर 2:
दगडफूल. शिळेच्या उघड्या अंगावर त्याचा जुना, जाड थर शाबूत असेल, तर ती लोंढ्यात घासत आलेली नाही. कडा ताज्या फुटलेल्या असतील आणि दगडफूल फक्त खालच्या खोबणीत उरले असेल, तर ती उलटली आहे. ती खोबण मात्र ड्रोनला दिसत नाही, वाकूनच पाहावी लागते.