३३ केव्ही कंबाइंड सीटी-पीटी: दिवसा जुळतं, रात्री दीड टक्का फरक (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या एका ३३ केव्ही फीडरवर आजवर सीटी (मोठा करंट मोजण्याजोगा लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) वेगळी आणि पीटी (व्होल्टेजसाठी तेच काम करणारा) वेगळी होती. गेल्या महिन्यात त्यांच्या लगेच पुढे दर फेजला एक असं तेलाचं कंबाइंड युनिट बसवलं. सीटी आणि पीटी एकाच टाकीत, वर एकच पोर्सलीन. जुन्या सीटी-पीटी अजून काढलेल्या नाहीत, मीटर दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे महिनाभर दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहितोय.

दिवसा १२० अँपिअरच्या आसपास लोड, पॉवर फॅक्टर ०.९५. तेव्हा फरक ०.२ ते ०.३ टक्के, तक्रार नाही. रात्री लोड ६ अँपिअरवर येतो. नुसते चार्ज असलेले ट्रान्सफॉर्मर तेवढे उरतात, पॉवर फॅक्टर ०.४ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे). तेव्हा नवं युनिट जुन्यापेक्षा पॉवर दीड टक्का कमी दाखवतं. रोज, तिन्ही फेजला.

सीटी रेशो दोन्हीकडे २००/१. नवी ०.२एस अचूकता क्लासची, जुनी ०.५ ची (आकडा लहान तेवढी चूक कमी). वायरिंग, पोलॅरिटी, पीटीचे फ्यूज दोनदा तपासले.

माझा संशय असा की एकाच टाकीत असल्यामुळे पीटीच्या व्होल्टेजचा परिणाम सीटीवर होतोय. युनिट परत पाठवावं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १, टेस्टिंगवाला

परत पाठवायची घाई करू नका. संशय चुकीचा नाही म्हणा. कंबाइंड युनिटसाठी आयईसी ६१८६९-४ हे वेगळं स्टँडर्ड आहे ते याचसाठी: करंटचा परिणाम पीटीवर किती आणि व्होल्टेजचा सीटीवर किती, हे त्यात तपासावं लागतं.

पहिला परिणाम लोडबरोबर वाढतो, म्हणजे असता तर दिवसा दिसला असता. उरला दुसरा. तो बघताना ६ अँपिअर म्हणजे सेकंडरीला (मीटरकडच्या वाइंडिंगला) फक्त ३० मिलीअँपिअर, हे डोक्यात ठेवा. आत सीटीच्या सेकंडरीभोवतीचा स्क्रीन (धातूचं आवरण) नीट जमिनीला जोडलेला (अर्थिंग) नसेल आणि हाय व्होल्टेजकडून तिकडे समजा ५० पिकोफॅरड कपॅसिटन्स असेल, तर १९ केव्हीला ५० हर्ट्झवर ०.३ मिलीअँपिअर घुसतो. १२० अँपिअरला तो कुठल्या कुठे हरवतो. ३० मिलीअँपिअरमध्ये तोच एक टक्का, आणि नव्वद अंशांनी सरकलेला असल्यामुळे कोनात ३४ मिनिटांपर्यंत चूक.

तपासायला सोपं आहे. युनिटच्या लगेच पुढचा आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) उघडा, युनिट चार्ज ठेवा. आता लोड शून्य. सीटीच्या सेकंडरीवर मिलीअँपिअरचा क्लॅम्प लावा. ०.३ च्या आसपास दिसलं तर युनिट दोषी. क्लॅम्पच लावा, मीटर सिरीजमध्ये घालायला जाऊ नका. चार्ज लाइनवर सीटीची सेकंडरी उघडण्याचा प्रसंग मी एकदाच पाहिला आहे, टर्मिनल ब्लॉक वितळलेला होता.

प्रतिसाद २, जुनं तेल

अहो, पण जुनी सीटी बरोबर हे कोणी ठरवलं? ०.५ क्लासला ५ टक्के करंटवरच १.५ टक्का आणि कोनात ९० मिनिटं चूक चालते. तुम्ही ३ टक्क्यांवर आहात, तिथे त्या क्लासची काहीच हमी नाही. ०.२एस ला हमी १ टक्क्यापासून सुरू होते.

आणि पॉवर फॅक्टर ०.४! कोनाची चूक मिनिटांत घ्या, तिला ०.०२९१ ने आणि टॅन फायने (फाय म्हणजे व्होल्टेज आणि करंटमधला कोन) गुणा, पॉवरमधली चूक टक्क्यांत मिळेल. ०.४ ला टॅन फाय २.२९. म्हणजे ३० मिनिटांचे २ टक्के. तीच ३० मिनिटं ०.९५ ला ०.३ टक्कासुद्धा नाहीत. दिवसा जुळण्याचं कोडं मला तरी इथेच सुटतंय.

कंबाइंडवर माझा राग वेगळ्या कारणाने आहे. पीटी गेली की चांगली सीटीही तिच्याबरोबर जाते. जागा आणि फाउंडेशन वाचतं, हे मान्य.

प्रतिसाद ३, रिले रूम

नव्या सीटीचं बर्डनही (सेकंडरीवर जोडलेल्या मीटर आणि वायरचा भार, व्हीएमध्ये) बघा. सीटीच्या रेटेड व्हीएच्या २५ ते १०० टक्क्यांत असेल तरच क्लास धरायचा. हल्लीचे मीटर एक व्हीएसुद्धा घेत नाहीत आणि सीटी मात्र १५ व्हीएची मागवलेली असते.

धागाकर्ता

दोन्ही करून पाहिलं. आयसोलेटर उघडून युनिट चार्ज ठेवलं, तिन्ही फेजला क्लॅम्पवर ०.०२ मिलीअँपिअरच्या आत. नवं युनिट सुटलं. नवी सीटी २.५ व्हीएचीच आहे, लीड धरून बर्डन बसतं.

मग शटडाउन घेऊन जुन्या सीटीवर प्रायमरी इंजेक्शन केलं (मुख्य बाजूने माहीत असलेला करंट सोडून चूक मोजली). ६ अँपिअरला रेशो चूक उणे ०.५ टक्का, कोन ३० मिनिटं पुढे. करंट पुढे सरकला की लॅगिंग लोडला मीटर जास्त मोजतो: २ टक्के जास्त, त्यातून ०.५ वजा, राहिले दीड! वहीतला आकडा अगदी तोच. इतकी वर्षं जुनीच जास्त मोजत होती आणि मी चूक नवीत शोधत होतो.

हिशेब केला तर रात्रीचा लोड साधारण १३७ किलोवॅट, त्याचे दीड टक्का म्हणजे २ किलोवॅट. दहा तासांचे वीस युनिट.

प्रतिसाद ४, जुनं तेल

वीस युनिटसाठी शटडाउन मिळाला तुम्हाला? कसा मागितलात, तेवढं सांगा.