बनवलेल्या भाषेत मोठे आकडे: स्वल्पविराम कुठे टाकू?

लिपीवेडा: टाइमपास म्हणून एक भाषा बनवतोय, व्याकरण बऱ्यापैकी जमलंय पण आकड्यांवर गाडी अडकलीय. पाया बाराचा घेतलाय, म्हणजे '१०' लिहिलं की ते बारा आणि '१००' म्हणजे १४४, इथपर्यंत शब्द आहेत. पुढे तीन-तीनचे गट करू की आपल्यासारखे हजारानंतर दोन-दोन?

खडूफळा: आधी शब्द ठरव रे, स्वल्पविराम त्यांच्या मागून येतो. आपण १२,३४,५६७ लिहितो कारण वाचताना लाख, हजार अशी नावं त्याच जागी येतात. जपानीत उलटं झालंय, नावं दर चार अंकांनी बदलतात (मान म्हणजे १०,०००, ओकु म्हणजे १० कोटी) पण लिहिताना स्वल्पविराम तीन-तीनला, त्यामुळे मोठा आकडा दिसला की मनात परत गट पाडायचे. तेवढं टाळ.

दूदेक: एस्पेरांतो बघ, तीही बनवलेलीच भाषा. दू म्हणजे दोन, देक म्हणजे दहा. 'दूदेक' जोडून लिहिलं तर वीस, 'देक दू' तोडून लिहिलं तर बारा. नऊ अंक आणि दहा, शंभर, हजार एवढ्या बारा शब्दांत ९,९९,९९९ पर्यंत जाता येतं!! आपल्याकडे बावीस, बत्तीस, बेचाळीस, शंभरपर्यंत सगळं पाठच करावं लागतं, त्यात एकोणतीस एकोणचाळीस वेगळेच.

अर्धविराम: लोजबान या दुसऱ्या बनवलेल्या भाषेत तर वीस-तीसला शब्दच नाहीत, अंक नुसते ओळीने म्हणायचे, १२३ म्हणजे पा-रे-शी. गंमत म्हणजे तिथे स्वल्पविरामच बोलतात, 'किहो' म्हणून. 'पा किहो' म्हटलं की १,०००, पुढची शून्यं म्हणायची गरज नाही. हा मार्ग घेतलास तर गटाचा प्रश्नच हलका होतो, पण दहा आणि अकराला एकेक स्वतंत्र अंक केलायस ना? लोजबानमध्ये हेक्साडेसिमलसाठी (सोळाच्या पायाची पद्धत) म्हणून दहा ते पंधराला वेगळे शब्द आहेत.

लिपीवेडा: अंक केलेत, नावं नाही केली 😅 गटाचा हिशोब मांडून बघितला, तीनचा गट केला तर पहिलं नवं नाव १,७२८ ला लागतं, चारचा केला तर थेट २०,७३६ ला. चारच घेतो, नावं कमी, आणि स्वल्पविरामही चारलाच. किहोची आयडिया मात्र ढापणार.

खडूफळा: ढाप, पण तुझा किहो दुसऱ्या कुठल्या शब्दासारखा ऐकू येत नाही ना ते आधी तपास, नाहीतर वाक्याच्या मध्येच कोणीतरी हजार ऐकेल.