सिझरचा जुना टाका आणि ॲक्युपंक्चर : तुमचे अनुभव सांगा

नांदेडहून, धागा सुरू करणारी :
मैत्रिणींनो, सिझर होऊन वर्षं लोटली तरी टाका त्रास द्यायलाय अशा बायका आपल्याकडं घरोघर आहेत, पण विषय काढला की "बाळंतपणाचं दुखणं, ते राहतंच" म्हणून गप्प बसवतेत. माझी पोरगी आता शाळेत जाती तरी टाक्याच्या वरची बोटभर पट्टी बधिर आहे, खाजवलेलं कळत नाही, आणि उजव्या टोकाला मात्र शिंकलं की अशी चमक निघते की ओट्याला धरून उभं राहावं लागतं. नणंद म्हणाली सुया टोचून बघ. कुणी केलंय का? गुण आला नसला तरी लिहा, नुसतं "खूप छान वाटलं" नको. टाका आडवा का उभा, दुखणं कसलं, सुया कुठं लावल्या, असं सगळं लिहा म्हणजे दुसरीला उपयोग होईल.

परभणीहून :
आडवा टाका, दोन्ही सिझर एकाच जागेवर. मला दुखणं कमी आणि ओढ जास्त, हात वर करून दोरीवर कपडे टाकायला गेलं की खालून कुणी धरून ठेवल्यागत. सुईची भीती वाटत होती, पण ती इंजेक्शनची सुई नसतेच, केसाहून थोडी जाड, आतून भरीव, आणि पाकीट आपल्यासमोर फोडतेत (नाही फोडलं तर उठून यायचं, लाजायचं नाही). टाक्यावर सरळ टोचलं नाही, त्याच्या कडेकडेनं तिरप्या लावल्या, बाकीच्या गुडघ्याखाली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला. टोचल्याचं काही वाटत नाही, थोड्या वेळानं जड जड, मुंग्या येतेत. मग वरून मॉक्साची (वाळलेल्या औषधी पाल्याची) पेटवलेली कांडी धरली, तिचा वास थेट बाळंतिणीच्या खोलीतल्या ओव्याच्या धुरीसारखा, मला आईच आठवली. ओढ बरीच कमी झाली, झोप लागायला लागली. बधिरपणा मात्र जसाच्या तसा. आता हा गुण सुयांचा का तेवढा वेळ कुणी मला उठवलं नाही त्याचा, देव जाणे, घरी असताना अर्धा तास पाठ टेकायला कुठं मिळते.

लातूरहून, फिजिओथेरपिस्ट :
नांदेडच्या ताई, बधिर पण आणि दुखतं पण, ह्यात नवल काही नाही. आडव्या छेदात कातडीखालच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून वरची पट्टी सुन्न होते, त्यातलं काही महिन्यांत परत येतं, काही कायमचं जातं. आणि टाक्याच्या दोन टोकांपाशी जांघेकडं जाणाऱ्या नसा असतात, त्यातली एखादी जखमेच्या गाठीत अडकली की अशी टोकाला चमक निघते. घरी एक करून बघा, उताणं झोपून दुखऱ्या जागेवर बोट दाबायचं आणि मान उचलायची, पोट ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुतेक पोटाच्या भिंतीतलं आहे, आतलं नाही. तरी डॉक्टरला दाखवाच. टाका पूर्ण भरला की बोटांनी गोल गोल चोळणं, कातडी चिमटीत धरून हलवणं, हे फुकटातलं काम बऱ्याच जणींना उपयोगी पडतं, पण बाळंतपणात पोट बांधून ठेवतेत आणि टाक्याला हात लावू देत नाहीत, मग कातडी खाली चिकटून बसते.

जालन्याहून :
माझ्या भावजयीचं लिहिते, तिला फोनवर लिहिणं जमत नाही. कापूस वेचायला जाती. वेचलेला कापूस कमरेच्या ओटीत टाकायचा, ओटी भरत जाती तसं ते सगळं ओझं टाक्यावर, आणि दिवसभर वाकून. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की हिचा टाका लालबुंद. जालन्याला सुया लावून घेतल्या, दोन-चार दिवस बरं, परत वावरात गेली की परत तेच. एका वेळचे 500 रुपये आणि त्या दिवसाची मजुरी बुडती ती वेगळीच. शेवटी ओटी सोडली आणि खांद्याला झोळी अडकवली, त्यानं जो फरक पडला तो सुयांनी पडला नव्हता.

बीडहून :
मला एका दवाखान्यात थेट सांगितलं, गर्भाची पिशवी काढून टाका, दुखणंच राहणार नाही. वय तिशीच्या आत. आमच्याकडं ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 ला किती गाजलं, तरी हे बोलायचं थांबत नाहीत. टाक्याच्या दुखण्याला पिशवी कशाला काढायची हो? दुसरीकडं गेले, त्यांनी नस अडकलीय म्हणून टाक्याच्या दुखऱ्या टोकाला भुलीचं इंजेक्शन दिलं आणि टेबलावरून उतरेपर्यंत दुखणं गायब. काही महिन्यांनी थोडं परत आलं तेव्हा सुया घेतल्या, त्यानं सुसह्य झालंय.

धाराशिवहून :
हे नीट वाचा. मला टाक्याच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ, पाळीच्या दिवसांत सुजायची, ठणकायची, पाळी गेली की बसायची. मी सुया लावून घ्यायला गेले तर त्या बाईंनी हात लावला, पाळीचं विचारलं आणि म्हणाल्या मी टोचणार नाही, आधी सोनोग्राफी. एंडोमेट्रिओसिस निघाला, सिझरच्या वेळी पिशवीच्या आतल्या अस्तराचे कण टाक्यात राहून तिथंच वाढतेत. ऑपरेशननं गाठ काढली, तपासायला पाठवली, आता काही नाही. पैसे घेऊन टोचत बसल्या असत्या तर मला काय कळणार होतं.

हिंगोलीहून :
माझा जुना उभा टाका, बेंबीखालून सरळ. परकराची नाडी बरोब्बर त्याच्यावर. खोकलं की तिथं फुगवटा यायचा, सुनेनं सुयाला नेलं, गुण नाही. तो हर्निया होता. जाळी बसवली.

उदगीरहून :
मी नवरा मंडळींपैकी, बायकोसाठी वाचतोय. शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 ला ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी पुढं ही विद्या भारतात आणली. आणि आपल्या महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, 2015 चा, त्याची कौन्सिल आहे, तेव्हा टोचणाऱ्याला नोंदणी विचारायला लाजू नका. चार दिवसांचं शिबिर करून बसलेले लई आहेत.

लातूरची फिजिओ परत :
त्यात एक भर. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला 180 बायकांवर केलेला अभ्यास 2022 ला छापून आला, सुया लावलेल्यांना हालचाल करताना कमी दुखलं आणि त्या लवकर उठून चालल्या. पण तो सिझरनंतरच्या पहिल्या दिवसांचा आहे. वर्षानुवर्षांच्या टाक्याला तोच दाखला देऊन पॅकेज विकायला कुणी बसलं तर तेवढं विचारा.

सेलूहून :
मला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, पहिलं सिझर, टाका ओढायलाय. सुया चालतील का?

नांदेडहून, धागा सुरू करणारी :
सेलूच्या ताई, आत्ता नको, निदान तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. घोट्याच्या आतला जो पॉइंट परभणीच्या ताईंनी लिहिलाय तो गरोदरपणात टाळतेत, आणि ओटीपोटावर तर नाहीच. त्यापेक्षा सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यावर तर बसली नाही ना, हे स्पष्ट विचारून घ्या, आधी सिझर झालंय हे त्यांना स्वतःहून सांगा. माझं मान उचलून दुखणं वाढलं बरं का, सोमवारी दाखवायला चाललेय.