खाम नदीवरचे पूल आणि दरवाजे : आपापल्या आठवणी लिहाव्यात

निरगुडी

भाचीला छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) विद्यापीठात प्रवेश मिळाला, म्हणून तिला वसतिगृहावर सोडायला गेले होते. रिक्षा बारापुल्ला दरवाजाशेजारच्या नव्या पुलावरून निघाली, तेव्हा तिने जुन्या दगडी पुलाकडे बोट दाखवून, "मावशी, यावरून खरंच बस जायची?" असे विचारले, आणि मला माझे मिलिंद महाविद्यालयातले दिवस आठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे हे महाविद्यालय सुरू केले नसते, तर बीड जिल्ह्यातल्या आमच्या वाडीवरची मुलगी या नदीपर्यंत आलीच नसती.

माझा डबा एसटीने यायचा. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला जर्मनचा डबा, गाठीत खोचलेली चिठ्ठी, आत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. स्थानकावर कंडक्टरकाकांकडून तो घ्यायचा आणि मिल कॉर्नर, बारापुल्ला असे चालत नागसेनवन, म्हणजे महाविद्यालयाचा परिसर, गाठायचे. दरवाजाच्या कमानीतून एका वेळी एकच मोठे वाहन निघत असल्याने दोन्हीकडे गाड्या खोळंबलेल्या असत आणि आम्ही पायी जाणारे भिंतीला चिकटून पुढे सरकत असू. त्या भिंतीच्या दगडाचा उन्हाळ्यातला चटका अजून खांद्याला आठवतो. या पुलांशी जोडलेले आपले अनुभव सर्वांनी लिहावेत, अशी मनापासून विनंती आहे.

बेगमपुऱ्याचा

ताई, आमचे सगळे आयुष्य मकाई दरवाजाच्या पुलावरून ये-जा करण्यात गेले. दळण, शाळा, बाजार, लग्नाची वरात, सगळे त्याच कमानीतून. बाहेरगावचे लोक हे दरवाजे वेगळे आणि पूल वेगळे समजतात, परंतु मकाई, महमूद आणि बारापुल्ला या तिन्ही ठिकाणी पूल आणि दरवाजा ही एकच रचना आहे. नदी हा तटबंदीबाहेरचा खंदकच होता. पूल ओलांडला की माणूस थेट कमानीत शिरत असे आणि पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटत नसे. संरक्षणासाठी मुद्दाम अरुंद ठेवलेल्या त्या वाटेवर आपण पुढे ट्रक, बस आणि रिक्षा घातल्या.

वैजापूरकर

माझ्या वडिलांना घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, दाखल केले होते, तेव्हा मी आठवीत होतो. वॉर्डात एकाच नातेवाइकाला थांबता येत असे, म्हणून आई आत आणि मी बाहेर. दिवसभर पाणचक्कीच्या बाजूला जाऊन महमूद दरवाजाच्या पुलावर उभा राहत असे. खालचे पाणी काळे होते आणि वासही येत होता, हे खरे आहे. पण त्या पुलावर माझ्यासारखीच पिशवी घेऊन उभी असलेली, जालन्याची, हिंगोलीची, बुलढाण्याची माणसे असायची. कोणीतरी न विचारता चहा पाजायचे. वडील बरे होऊन घरी आले. आजही शहरात आलो की त्या बाजूने गेल्याशिवाय राहवत नाही.

सुगरण_परभणी

वैजापूरकर दादा, वाचून डोळे भरून आले. घाटीने आमच्या अख्ख्या मराठवाड्याला हात दिला आहे. माझी मोठी जाऊ तिथेच बाळंत झाली होती. पुतण्या आता कमावता झाला आहे.

निरगुडी

दादा, वडील बरे झाले हे वाचून फार बरे वाटले. पाणचक्कीचा विषय निघाला म्हणून लिहिते. कित्येक किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून, ते उंचावरून पात्यांवर सोडून तिथे जाते फिरवले जात असे आणि त्या पिठावर दर्ग्यात येणारे फकीर, यात्रेकरू व विद्यार्थी जेवत. ज्यांनी पाण्याचा असा काटेकोर विचार केला, त्यांच्याच शहरात शेजारच्या नदीला आपण नाला म्हणू लागलो, याचे मला फार वाईट वाटते.

गोदाकाठ_नांदेड

आमच्या नांदेडला पुलाचे नाते वेगळे आहे. पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की घरोघरी एकच प्रश्न असतो, जुन्या पुलावर पाणी किती आहे. गोदावरीची धोक्याची पातळी, 354 मीटर, तिथेच मोजली जाते. ऑगस्ट 2006 च्या पुरात आमच्या आजीने सामान माळ्यावर चढवले, ते जुन्या पुलावरची बातमी ऐकूनच. विषय खामचा आहे, क्षमस्व.

बेगमपुऱ्याचा

क्षमा कशाची, नांदेडकर? खामदेखील शेवटी गोदावरीलाच मिळते. जटवाड्याच्या डोंगरातून निघते, हर्सूलच्या तलावाकडून बेगमपुऱ्याला येते आणि छावणी ओलांडून पुढे नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, दिशेला जाते. आमच्या पुलाखालून गेलेले पाणी कधी ना कधी तुमच्या पुलाखाली येतच असेल.

छावणीकर

लोखंडी पुलाचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. तोही खामवरच आहे आणि छावणीत वाढलेल्या प्रत्येकाने त्यावरून सायकल चालवली आहे. पुलाच्या सांध्यांवरून चाक गेले की होणारा खडखडाट घरापर्यंत ऐकू येत असे, आणि वडील कामावरून परतले की नाही, हे आईला त्यावरून कळत असे.

नामांतराची_लेक

14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, म्हणजे त्याच्या नावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्यानंतरच्या वर्षी आईने मला कडेवर घेऊन त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापर्यंत नेले होते, असे ती सांगते. पुढे दरवर्षी आम्ही पांढरी साडी नेसून बारापुल्ल्यावरून चालत जात असू. त्या दिवशी पुलावर गाडी नसायची, नुसती माणसे असायची, आणि तो पूल तेवढ्यांना सहज पुरत असे. जुने पूल पायी चालणाऱ्यांसाठीच राखून ठेवावेत, असे मला त्यामुळेच वाटते.

बेगमपुऱ्याचा

पूर्ण सहमत आहे. मकाई आणि बारापुल्ला येथे शेजारी नवे पूल झाल्याने जड वाहनांसाठी जुन्या कमानींची गरज उरलेली नाही. 2021 पासून नदीच्या स्वच्छतेचे जे काम सुरू झाले, त्यात काठावर झाडे लागली, बसायला जागा झाली. हेच लक्ष पुलांच्या दगडांकडेही जायला हवे. फटींत उगवलेले पिंपळ वेळेत मुळासकट काढले नाहीत, तर चुन्यातली बांधणी ते सावकाश फोडत नेतात. नुसती वरवरची छाटणी केल्याने उपयोग होत नाही.

सुगरण_परभणी

मुलांना घेऊन हे सगळे पाहायचे असेल, तर कुठून सुरुवात करावी?

बेगमपुऱ्याचा

ताई, सकाळी लवकर मकाई दरवाजापासून निघा आणि पाण्याच्या प्रवाहासोबत खाली या. आधी महमूद दरवाजा आणि पाणचक्की, मग बारापुल्ला आणि शेवटी छावणीतला लोखंडी पूल लागेल. मुले लहान असतील तर पाणचक्कीला वडाखाली थोडे थांबा. येण्याआधी इथे कळवा, मी सोबत येईन.