चित्रवाचनात ‘भाकीत’, ‘अंदाज’ की ‘अनुमान’?

प्रश्न : कोल्हापुरातील बालवाडीच्या ताईंसाठी मी चित्रवाचनाचे टिपण लिहीत आहे. पान उलटण्यापूर्वी मुलांना ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारायचे असते. या कृतीला ‘भाकीत करणे’ म्हणावे, ‘अंदाज बांधणे’ म्हणावे की ‘अनुमान काढणे’? शिवाय ‘तुलना करा’ ही सूचना एवढ्या लहान मुलांना कशी द्यावी?

उत्तर : ‘भाकीत’ टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाकीत खरे किंवा खोटे ठरते आणि ते करणाऱ्याला आधार विचारण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही (ज्योतिषांचे त्यावरच निभावते). ‘अंदाज’ मूळचा फारसी असला तरी आता घरचाच झाला आहे. तो बांधता येतो, चुकतो आणि पान उलटल्यावर बदलताही येतो, म्हणून ताईंच्या तोंडी तोच शोभेल.

‘अनुमान’ टिपणाच्या विवेचनात जरूर वापरावे, मात्र ते केवळ भविष्यापुरते नाही हे ध्यानात ठेवावे. न्यायशास्त्रात (म्हणजे कायद्यात नव्हे, तर्काचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनात) ढग पाहून पाऊस येईल असे ठरवणे हे ‘पूर्ववत्’ आणि नदी फुगलेली पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे ठरवणे हे ‘शेषवत्’ अनुमान मानले आहे. दुसरा प्रकार कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागू नये, कारण गावात उघडीप असली तरी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी चढू लागली की राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस कोसळतो आहे, हे येथे घरोघरी ओळखले जाते. म्हणून ‘पुढे काय होईल?’ याच्या जोडीला ‘आधी काय झालं असेल?’ हेही विचारावे.

त्यानंतरचा प्रश्न मात्र ‘का?’ असा नसून ‘कशावरून?’ असा असावा. समजा, चित्रात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यासारखी जागा आहे, म्हैस उभी आहे आणि गवळी उकिडवा बसला आहे. ‘आता दूध काढणार’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘का?’ विचारले तर ‘चहाला पायजे म्हणून’ असे उत्तर येईल, ‘कशावरून?’ विचारले तर ते कासेखालच्या चरवीवर बोट ठेवील.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरदात्याकडून) : वरील मताशी मी सहमत आहे. ‘तुलना’ हा शब्द मुलांपुढे उच्चारण्याचीही गरज नाही. ते काम ‘सारखं’, ‘वेगळं’, ‘एवढं’ आणि विशेषतः ‘पेक्षा’ हे शब्द करतात. नुसते ‘फरक ओळखा’ म्हटले तर साम्य पाहायचे राहून जाते. क्रमही महत्त्वाचा आहे : आधी तुलना, मग अंदाज. एका पानावर घाटाच्या पाच पायऱ्या दिसतात आणि पुढच्या पानावर दोनच, तर आधी ‘मघापेक्षा पायऱ्या कमी दिसतात की जास्त?’ असे विचारावे; पाणी चढले हे ज्या मुलाने स्वतः ताडले, ते तिसऱ्या पानाचा अंदाज बहुधा न विचारताच सांगून टाकते.