मदत हवी आहे: पाण्यावरचा प्रकल्प, पण पाणी भरणाऱ्या मुलीच येऊ शकत नाहीत

नमस्कार मंडळी,

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आम्ही तिघं संध्याकाळी ६ ते ८ अभ्यासिका चालवतो. सहावी ते आठवीची २२ मुलं येतात. बहुतेकांच्या आया धुणीभांडी, पोळ्यांची कामं करतात.

या मुलांना 'प्रकल्प' म्हटलं की स्टेशनरीच्या दुकानातला चित्रांचा तक्ता आठवतो. तो आणायचा, कापायचा, वहीत चिकटवायचा. पैसे जातात, हाती काही लागत नाही. म्हणून यंदा ठरवलं, विकत काही आणायचं नाही. घरचं पाणी मोजायचं.

सुरुवात फार छान झाली. सातवीतल्या एकीने लिटरच्या रिकाम्या बाटलीने हंडा भरून पाहिला. १२ बाटल्या बसल्या. दिवसाचे ९ हंडे आणि २०० लिटरचं एक पिंप, म्हणजे ३०८ लिटर. घरात माणसं पाच. माणशी ६२ लिटरसुद्धा नाहीत. शहरात माणशी १३५ लिटर धरतात असं सांगितल्यावर ती थोडा वेळ वहीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मग आमचं बाकीचं कुठं जातं?" सरासरी शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

पण नळाला पाणी येतं साडेसहाला, ऐन अभ्यासिकेच्या वेळेत. पाणी भरायचं काम मुलींकडे, त्यामुळे ती आणि आणखी चौघी आता येतच नाहीत. ज्यांनी कधी हंडा उचललेला नाही ते दोन मुलगे गटप्रमुख होऊन बसलेत. हे मला फार लागतंय.

त्यात एका आईने विचारलं, "हंडे मोजून एनएमएमएसला मार्क मिळणार का?" आठवीतली ती शिष्यवृत्ती परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. मला उत्तर देता आलं नाही.

पुढचा टप्पा २७ सप्टेंबर २०१८चा. त्या दिवशी मुठा उजवा कालवा फुटून या भागातल्या घरांत पाणी शिरलं होतं. मोठ्या माणसांच्या आठवणी मुलांनी लिहून घ्यायच्या आहेत. एका आजींनी भिंतीवर हात टेकवून पाणी कुठवर चढलं ते दाखवलं, नातवाने लगेच टेप लावला. हे काम रविवारी होईल, मुलींनाही जमेल. पण पाणी मोजण्याचं काय?

वस्तीत किंवा मनपा शाळेत असे प्रकल्प केलेल्यांनी कृपया सांगा:

मुलींनी पाणी भरतानाच नोंद ठेवायची आणि तीच त्यांची हजेरी धरायची, असं कुणी केलंय का? नोंदी टिकतात का? वही ओली होते, पेन हरवतं, धाकटं भावंड कडेवर असतं.

आयांना पटेल असं एनएमएमएसच्या तयारीशी याचं काही जोडता येतं का?

आणि आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशा मुलांना कुणी नेलं असेल तर भेट कशी ठरवली, तेही लिहा. दिवाळीच्या सुट्टीत न्यायचा विचार आहे.