मदत हवी आहे: कौलारू घराचा माळा उन्हाळ्यात फार तापतो
नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात आमचे आजोबांच्या वेळचे घर असून मंगलोरी कौलांखालचा त्याचा माळा मे महिन्यात इतका तापतो की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवताच भट्टीसारखी झळ येते, आणि खालच्या खोलीतला पंखा रात्री अकरापर्यंत गरम वाराच फेकत राहतो. कारागिराने माळ्याच्या फळ्यांवर 50 मिलिमीटर जाडीची ग्लासवूल (उष्णता अडवणारी, काचेच्या तंतूंची लोकर) अंथरण्याचा सल्ला दिला आहे. थर्मोकोल स्वस्त पडेल. पण माळ्यावर जुनी, कापडी वेष्टणाची वायर असल्याने चटकन पेट घेणारी वस्तू तेथे नको. (वायरिंग आधी बदलायचे, एवढ्यावर मात्र घरात एकमत आहे.) खरी अडचण पावसाळ्याची आहे. दोन-तीन कौलांतून पाणी झिरपते, भिजलेली ग्लासवूल उष्णता नीट अडवत नाही, आणि ओल धरून राहिल्यास खालची सागवानी तुळई कुजेल अशी भीती वाटते. त्यापेक्षा वाशांखाली, कौलांपासून थोडी पोकळी सोडून, ॲल्युमिनियमचा चकचकीत पडदा ताणावा आणि झरोके उघडे ठेवावेत, असा माझा विचार आहे. असे काम ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सांगावे: केवळ पडद्याने भागते का, की ग्लासवूलही लागतेच? कौले उतरवून चाळणे (फुटकी बदलून सगळी पुन्हा नीट बसवणे) आधी करावे का?